बावीस मिलिग्रॅम : ऊसवाहतुकीतला एक अपघात आणि दारू पिऊन वाहन चालवण्याचा कायदा

हे प्रकरण बीड जिल्ह्यातलं, जानेवारी २०२५ मधलं. माणसांची, गावांची, कारखान्याची नावं वगळली आहेत आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. तालुका विधी सेवा समितीचा विधी स्वयंसेवक म्हणून मी मयताच्या घरच्यांबरोबर पहिल्या आठवड्यापासून होतो. त्यामुळे कागदपत्रं आणि माणसं दोन्ही जवळून पाहता आली. दारू किंवा नशा करून गाडी चालवणाऱ्यांसाठी कायदा आणखी कडक करावा का, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या अपघातानंतर निघतो. माझं मत असं आहे की कडक करावाच, पण लोक बोट दाखवतात त्या ठिकाणी नव्हे. ते का, हे या प्रकरणातून कळावं म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

केज-धारूर-अंबाजोगाई पट्ट्यात दिवाळीनंतर रस्ता उसाचा होतो. बीडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात हे सगळ्यांना माहीत आहे, पण इथल्या कारखान्यांनाही इथलाच ऊस जातो आणि तो ओढणारे ट्रॅक्टर आपल्याच गावांतून रात्रंदिवस फिरतात. एका इंजिनामागे दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा ना नंबर, ना दिवा, ना रिफ्लेक्टर. पुढे मात्र मोठाले स्पीकर.

ट्रॅक्टर मालकाचा असतो. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार मालकाचा किंवा मुकादमाचा असतो. चालक बहुतेक ठिकाणी खेपेवर, म्हणजे जितक्या खेपा तितके पैसे. फडात ट्रॉली भरायला अर्धा दिवस जातो. कारखान्यावर पोचल्यावर नंबर लागतो, मग काटा, मग गव्हाणीवर ऊस खाली. गर्दी असली की हा नंबर एक रात्र, कधी दोन रात्री लागत नाही. चालक गाडी सोडून जाऊ शकत नाही, कारण नंबर पुढे सरकला आणि इंजिन जागचं हललं नाही तर मागचे शिव्या घालतात. आवारात झोपायला जागा नसते. जानेवारीच्या थंडीत उघड्यावर बसलेली पोरं शेकोटी करतात आणि शेकोटीशेजारी क्वार्टर येते. काही जण चिलीम ओढतात. हे कुणापासून लपलेलं नाही. कारखान्याच्या शेतकी खात्याला माहीत आहे, मालकांना माहीत आहे, पोलिसांनाही माहीत आहे.

त्या रात्री काय घडलं

चालक सव्वीस वर्षांचा, तिथल्याच एका तांड्यावरचा. दोन रात्री नंबरात काढून संध्याकाळी साडेसातला त्याची गाडी खाली झाली. त्याच्याबरोबरच्या क्लीनरने नंतर जे सांगितलं ते असं : मालकाचा फोन आला होता, चालक नीट बोलत नव्हता हे मालकाच्या लक्षात आलं होतं, तरी मालक म्हणाला, "फडावर माणसं बसलीत, खेप चुकवू नको."

रिकाम्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर सुसाट निघाला. रिकामी खेप भरलेल्या खेपेपेक्षा धोक्याची असते, कारण वजन नसल्याने वेग वाढतो आणि मागची ट्रॉली वळणावर झोके घेते. नऊ-वीसच्या सुमाराला एका पुलाच्या अलीकडे ट्रॅक्टर उजवीकडे गेला. समोरून मोटारसायकलवर एकतीस वर्षांचा तरुण आणि त्याचा चुलतभाऊ येत होते. तो तरुण मोंढ्यातल्या एका आडतीवर हिशोब लिहायचा आणि घरची तीन एकर सोयाबीनची जमीन बघायचा. इंजिन त्याला चाटून गेलं, पण झोका घेतलेल्या मागच्या ट्रॉलीने दोघांना उडवलं. तरुण रुग्णालयाच्या वाटेवरच वारला. चुलतभावाच्या मांडीचं हाड मोडलं.

लोकांनी चालकाला धरून मारलं. चाळीस मिनिटांनी पोलीस आले. इथून पुढचं वेळापत्रक सावकाश वाचायला हवं, कारण प्रकरण पुढे याच्यावरच फिरलं.

दहा वाजता चालक पोलिसांच्या ताब्यात आला. श्वासचाचणीचं यंत्र ठाण्यात नव्हतं, ते जिल्ह्याच्या ठिकाणी वाहतूक शाखेकडे होतं. पावणेअकराला सगळे ग्रामीण रुग्णालयात पोचले. कर्तव्यावर एकच डॉक्टर. आधी जखमी चुलतभाऊ, त्याला पुढे पाठवायची तयारी, मग मयताचे कागद, मग नातेवाइकांचा आक्रोश आणि दाराबाहेर जमलेला शंभरेक माणसांचा जमाव. चालकाच्या डोक्याला टाके पडले. रक्ताचा नमुना घेण्याचं पोलिसांचं पत्र फिर्याद नोंदवल्यानंतर, म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावर आलं. रक्त काढलं एक वाजून पन्नास मिनिटांनी. अपघाताला साडेचार तास झाले होते.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : तोंडाला दारूचा वास, चाल डळमळीत, डोळे लाल. पत्रात फक्त मद्यांशाची तपासणी मागितली होती. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये चिलीम सापडल्याची नोंद पंचनाम्यात आहे, पण लघवीचा नमुना कुणी मागितला नाही आणि कुणी घेतला नाही.

गाडं कुठे अडलं

नमुना छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेकडे गेला. अहवाल आला ऑगस्टमध्ये. शंभर मिलिलिटर रक्तात बावीस मिलिग्रॅम मद्यार्क.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ ची मर्यादा आहे तीस मिलिग्रॅम. बावीस म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चालक प्यालेला नाही.

शरीर दारू ठरावीक वेगाने जिरवत असतं. साधारणपणे तासाला रक्तातली पातळी दहा ते वीस मिलिग्रॅमने उतरते. साडेचार तासांचा हिशोब अगदी हात राखून केला तरी अपघाताच्या क्षणी आकडा पासष्टच्या पुढे असणार, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. पण हे तज्ज्ञाने न्यायालयात सांगावं लागतं आणि त्यासाठी तपासात तसं मत मागवावं लागतं. दोषारोपपत्रात ते नव्हतं.

डॉक्टरांनी लिहिलेला दारूचा वास पुरेसा नाही का, असं मयताच्या भावाने मला विचारलं. नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच, बच्चूभाई करयानी या महाराष्ट्रातल्याच खटल्यात, वास येणं, झोकांड्या खाणं, बडबडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं यांवरून माणूस दारू प्यालाच होता असा निष्कर्ष काढता येत नाही, असं म्हटलेलं आहे. बचाव पक्षाचे वकील हा निकाल तोंडपाठ ठेवतात.

आता कायदा किती मवाळ आहे ते पाहू. भारताची मर्यादा तीस आहे. इंग्लंडमध्ये ती ऐंशी आहे, स्कॉटलंडने २०१४ मध्ये ती पन्नासवर आणली. म्हणजे आकड्यात आपण त्यांच्यापेक्षा कडक आहोत. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. सप्टेंबर २०१९ च्या आधी हाच पहिला दंड दोन हजारांपर्यंत होता. पाचपट वाढ झाली. ती वाढ पंचवीसपट असती तरी त्या रात्री ठाण्यात यंत्र नव्हतं आणि रक्त दोन वाजताच काढलं गेलं असतं.

कायद्यातली खरी फट दुसरीकडे आहे. कलम २०२ म्हणतं की कलम १८५ खाली अटक केलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागेल. चांगली तरतूद आहे. पण हे घड्याळ अटकेपासून सुरू होतं, अपघातापासून नाही. या प्रकरणात कागदावर अटक दाखवली ती मध्यरात्रीनंतरची. त्यामुळे दोन तासांची अट पाळली गेली आणि दारू तोवर जिरून गेली. शिवाय श्वासचाचणीबाबत कलम २०३ ची भाषा 'पोलीस अधिकारी घेऊ शकतो' अशी आहे, 'घेतलीच पाहिजे' अशी नाही. माणूस मेला तरीही नाही.

नशेच्या पदार्थांचं तर त्याहून अवघड. त्यांच्यासाठी कायद्यात आकडाच नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता हे सिद्ध करावं लागतं. आणि श्वासयंत्राला गांजाही कळत नाही, गोळ्याही कळत नाहीत.

समोर असलेले पर्याय

तिसऱ्याच्या दिवशी मयताच्या अंगणात बैठक झाली. मी होतो, सरपंच होते, भावकी होती. मयताची पत्नी आतल्या उंबऱ्यापाशी बसली होती. दोन लेकरं, म्हातारी सासू. पाच गोष्टींची चर्चा झाली.

पहिली, तडजोड. मालकाच्या वतीने एक पुढारी येऊन गेला होता. तीन लाख रोख आणि वर्षाचं धान्य, बदल्यात चुलतभावाने जबाबात दारूचा उल्लेख टाळायचा. गावाकडे याला कुणी लाच म्हणत नाही, 'मिटवणं' म्हणतात. भावकीतली दोन वयस्कर माणसं अनुकूल होती. त्यांना दोष देता येत नाही, त्यांनी कोर्टात वीस वर्षं चाललेली प्रकरणं पाहिलेली आहेत.

दुसरी, "तीनशे दोन लावा," म्हणजे खुनाचं कलम. जमावाने त्या रात्रीच ही मागणी केली होती. नव्या संहितेत कलमांचे आकडे बदलले, लोकांच्या तोंडी जुनाच आहे. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लावलं होतं, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये ही दोनच वर्षं होती, म्हणजे इथेही कायदा कडक झालेलाच आहे. पण कलम जामीनपात्र आहे, त्यामुळे चालक दोन दिवसांत बाहेर आला आणि गाव भडकलं. सदोष मनुष्यवध, म्हणजे नव्या संहितेचं कलम १०५, लागू शकतं का? लागू शकतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. पण तिथे शिक्षा तीन वर्षांची होती, आणि तिथे रक्ताचा अहवाल भक्कम होता. आपल्या हातात तेव्हा अहवालच नव्हता.

तिसरी, नुकसानभरपाईचा दावा. हा निर्णय सगळ्यांत गुंतागुंतीचा ठरला. तालुक्याच्या एका वकिलाने भावाला सांगितलं होतं, "दारू सिद्ध झाली तर विमा कंपनी हात वर करेल." हे निव्वळ भीती घालणं नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये दारू किंवा नशेत वाहन चालवणं हा विमा कंपनीला मिळणारा एक बचाव म्हणून लिहिलेला आहे. न्यायालयं बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात, पण तोवर वाद, अपील, वर्षं. म्हणजे फौजदारी खटल्यात घरच्यांना दारू सिद्ध व्हायला हवी आणि दाव्यात ती सिद्ध न झालेली बरी. कायदा कडक करताना हा काटा पीडिताच्याच पायात रुतेल याचा विचार झालेला दिसत नाही. भाऊ त्या दिवशी म्हणाला, "दादा, आम्ही नेमकं काय म्हणावं? प्यालता म्हणावं का नव्हता म्हणावं?"

चौथी, गावातली दारू बंद करणं. आडवी बाटलीचा, म्हणजे मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याचा, ठराव घ्यावा असं बायकांचं म्हणणं होतं. पण गावात परवान्याचं दुकानच नव्हतं. २०१६-१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महामार्गालगतची दुकानं हटली किंवा नियम बदलून परत आली, इथे मात्र दारू मिळत होती ती कारखान्याच्या वाटेवरच्या एका ढाब्यावर, बेकायदा. जी दुकानं कागदावर नाहीत ती मतदानाने बंद होत नाहीत.

पाचवी कल्पना मयताच्या पत्नीची. ती एवढंच म्हणाली, "कारखान्यातून गाडी बाहेर पडतानाच कुणी त्याला अडवलं असतं तर?" तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

काय केलं

तडजोड नाकारली. हा निर्णय पत्नीने घेतला, भावकीने नाही, आणि तो सांगताना तिने सासूला शेजारी बसवलं होतं. चुलतभावाने रुग्णालयातच जे पाहिलं ते जसंच्या तसं जबाबात सांगितलं. खरं सांगूनही दावा मिळू शकतो, उशीर मात्र होऊ शकतो, हे आम्ही त्यांना स्पष्ट केलं होतं.

दावा एप्रिलमध्ये दाखल केला. कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे आणि मराठवाड्यात कितीतरी घरं दिवस-मासाच्या, कर्जाच्या, पेरणीच्या धांदलीत ती चुकवतात. हिशोब असा मांडला : महिना बारा हजार उत्पन्न, वय चाळिशीच्या आत म्हणून भावी वाढीचे चाळीस टक्के, चार अवलंबित म्हणून स्वतःच्या खर्चाची एक चतुर्थांश वजावट, एकतीसाव्या वर्षासाठी सोळाचा गुणक. सुमारे चोवीस लाख होतात. आडतीच्या वहीतल्या पगाराच्या नोंदी इथे कामाला आल्या.

मालकावर कलम १८८ लावावं असा अर्ज पोलिसांना दिला. दारू पिऊन गाडी चालवायला जो प्रवृत्त करतो त्यालाही तीच शिक्षा, असं हे कलम सांगतं. कायद्यात ते कित्येक वर्षांपासून आहे आणि जवळजवळ कधीच वापरलं जात नाही. क्लीनरचा जबाब घ्या, फोनचे तपशील काढा, अशी मागणी होती. फोनचे तपशील काढले, कॉल झाल्याचं दिसलं. पण क्लीनरचा जबाब तीन आठवड्यांनी झाला आणि तोवर तो मालकाच्याच दुसऱ्या ट्रॅक्टरवर कामाला लागला होता. जबाबात फोनवरचं बोलणं आलं नाही.

जूनमध्ये भाऊ, सरपंच आणि आम्ही काही जण कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना भेटलो. पहिलं उत्तर अपेक्षित होतं : चालक आमचे नोकर नाहीत, करार मालकाशी आहे. खरं आहे ते. पण नंबर कारखाना देतो, काटा कारखान्याचा आहे आणि गेटही कारखान्याचं आहे. मालकाला दंडाची भीती नसते, खेप बुडण्याची असते. सरपंच स्वतः ऊस उत्पादक सभासद, त्यांनी हे बोलणं धरून ठेवलं. दोन बैठकांनंतर कारखान्याने मान्य केलं : पुढच्या गळिताला गेटवर श्वासयंत्र, चालक प्यालेला आढळला तर त्या गाडीचा पुढचा नंबर बंद, दुसरा चालक आणल्याशिवाय गाडी बाहेर नाही.

हंगाम सुरू झाला तेव्हा तपासणी आत येणाऱ्या गाड्यांची होत होती. सुरक्षारक्षकांना तेच सोयीचं, कारण आत येताना गाडी तशीही थांबते. पंधरा दिवसांत कळलं की पिणं होतं ते आवारातल्या मुक्कामात, त्यामुळे तपासायला हवं बाहेर पडताना. मग यंत्र बाहेरच्या गेटला नेलं. नुकताच घोट घेतलेला असेल तर तोंडातल्या दारूनेच आकडा फुगतो, म्हणून पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलेल्याला पंधरा मिनिटं बसवून पुन्हा फुंकायला लावायचं, हेही ठरलं. यामुळे भांडणं कमी झाली, कारण चालकाला आपल्याला संधी मिळाली असं वाटतं. काट्याशेजारी एक पत्र्याचं शेड टाकून झोपायला चटया दिल्या. माझ्या मते यंत्राइतकंच काम त्या शेडने केलं.

काय निष्पन्न झालं

चालकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला, पण आदेश निघाला मेमध्ये. गळीत मार्चमध्येच संपलेलं. ज्या तीन महिन्यांत त्याला ट्रॅक्टर चालवायचाच नव्हता ते तीन महिने परवाना जमा होता. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा इंजिनावर होता, दुसऱ्या मालकाकडे. मी त्याला एकदा भेटलो. दोन रात्रींची झोप नव्हती, थंडीने एक क्वार्टर घेतली, बाकी आठवत नाही, एवढंच तो बोलला. त्याच्या घरीही दोन लहान मुलं आहेत, आणि मालकाने त्याच्या वकिलाची फी त्याच्याच खेपांतून कापली.

मालकावर काहीच झालं नाही.

दावा डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत सतरा लाखांवर मिटला. विमा कंपनीने दारूचा मुद्दा सुरुवातीला घेतला होता, पण बावीस मिलिग्रॅमचा अहवाल समोर आल्यावर तो टिकणारा नव्हता. ज्या आकड्याने चालकाला कलम १८५ मधून जवळजवळ सोडवलं त्याच आकड्याने या घराला वेळेत पैसे मिळवून दिले. नमुना वेळेवर घेतला असता तर चालक अडकला असता आणि बाईचे पैसेही. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो. मोठी रक्कम लेकरांच्या नावे ठेवीत गेली.

ढाब्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची धाड पडली. काही दिवसांत तो पुन्हा सुरू झाला.

कारखान्याच्या गेटवरची तपासणी सुरू आहे. मालकांनी कुरकुर करत का होईना, लांबच्या खेपांना दोन चालक ठेवायला सुरुवात केली आहे. पण तिथल्याच एका चालकाने शेडमध्ये मला सांगितलं, "फुंकायला लावायलेत म्हणून पोरं आता बटन खायलेत." बटन म्हणजे झोपेच्या गोळ्या, ज्या संभाजीनगरपासून तालुक्यांपर्यंत चिठ्ठीशिवाय पोचतात. यंत्रात त्या दिसत नाहीत.

निर्णयाच्या जागा आणि कायद्यातल्या जागा

या प्रकरणात चार ठिकाणी गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या तर निकाल वेगळा लागला असता. ठाण्यात यंत्र असतं तर दहा वाजता, अपघातानंतर चाळीस मिनिटांत, आकडा मिळाला असता. यंत्र नसलं तरी पत्र फिर्यादीची वाट न पाहता रुग्णालयात पोचताच हाताने लिहून देता आलं असतं, रक्त काढायला पाच मिनिटं लागतात. त्या पत्रात 'मद्य व इतर अमली पदार्थ' असे पाच शब्द असते तर लघवीचा नमुना घेतला गेला असता. आणि क्लीनरचा जबाब त्याच रात्री झाला असता तर मालक साक्षीदाराच्या आधी पोचला नसता. चारपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. पण त्या वेळी एकट्या असलेल्या डॉक्टरला किंवा जमावाला तोंड देणाऱ्या हवालदाराला दोष देऊन थांबणं मला पटत नाही, कारण पुढच्या रात्री तिथे दुसरा डॉक्टर आणि दुसरा हवालदार असेल आणि हेच होईल.

म्हणून कडकपणा हवा तो असा. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक अपघातात चालकाची चाचणी सक्तीची, 'घेऊ शकतो' काढून 'घेतली पाहिजे'. घड्याळ अटकेपासून नव्हे, पोलीस घटनास्थळी पोचल्यापासून. मद्य आणि अमली पदार्थ दोन्हींची तपासणी एकाच छापील नमुन्यात, म्हणजे कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहायला नको. रक्त उशिरा घेतलं गेलं तर मागे जाऊन हिशोब करण्याचं तज्ज्ञाचं मत दोषारोपपत्राबरोबर बंधनकारक. लाळेवरून अमली पदार्थ ओळखण्याच्या चाचणीला कायद्याचा आधार. परवाना निलंबन दोषारोपपत्राआधी, त्याच आठवड्यात. आणि विम्याच्या कलमात स्पष्ट शब्द की चालकाची नशा हा मालक आणि कंपनीमधला हिशोब आहे, मयताच्या बायकापोरांना त्यात थांबवायचं नाही.

दंड पन्नास हजार करावा, कैद दहा वर्षं करावी, या मागण्या मी अनेक सभांत ऐकल्या आहेत. त्यामागचं दुःख खरं आहे. पण क्वार्टर उघडणारा चालक कलमातली वर्षं मोजत नाही, तो पुढच्या वळणावर कुणी उभं आहे का एवढंच पाहतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने १९८२ च्या डिसेंबरपासून कुणालाही, कुठेही, संशय नसताना थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली, आणि तिथे रस्त्यावरचे मृत्यू घटले ते पकडले जाण्याच्या भीतीने. आपल्याकडे ही भीती एकतीस डिसेंबरच्या रात्री शहराच्या चौकात असते. गळिताच्या चार महिन्यांत धारूरच्या घाटात नसते. आणि शिक्षा जितकी मोठी, तितकी नमुन्यात गडबड करण्याची किंमतही मोठी होते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली होती. नमुन्याची साखळी सैल ठेवून शिक्षा वाढवत नेली तर फायदा पैसेवाल्याचा होतो, खेपेवर राबणाऱ्याचा नव्हे.

सध्याची स्थिती

फौजदारी खटला सुरू आहे. कलम १०६(१) दारूशिवायही उभं राहू शकतं, कारण ट्रॅक्टर चुकीच्या बाजूला होता हे पंचनाम्यात आणि चुलतभावाच्या साक्षीत आहे. मयताच्या पत्नीने सरकारी वकिलांमार्फत अर्ज दिला आहे की प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाला साक्षीला बोलावून बावीसचा अपघाताच्या वेळचा आकडा काय असेल ते विचारावं. दावा मिटला असल्याने आता तिच्यापुढे तो पेच नाही. बचाव पक्षाने अर्जाला हरकत घेतली आहे आणि त्यावर सुनावणी व्हायची आहे. डॉक्टरांची साक्ष त्यानंतर होईल.